लोटू मिस्तरीचा डावा हात

१

लोटू मिस्तरीचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. सकाळी मोरीत चूळ भरता भरता तो भिंतीला घासत खाली बसला, तो उठलाच नाही. सव्वा महिन्यापूर्वी त्याच्या मानेतल्या रक्तवाहिनीत डॉक्टरांनी तारेची जाळी बसवली होती, ती असला झटका येऊ नये म्हणूनच. झटका आला. आता त्याच्या हुकमात एक डावा हात तेवढा राहिला, आणि दवाखान्यात डोळे उघडल्यावर त्या हाताने पहिलं काम काय केलं, तर डबा घेऊन आलेल्या सुनेकडे बोट दाखवलं.

बोट एकाचं, पण तोंडं शंभर. संध्याकाळपर्यंत गोडादऱ्यातल्या सगळ्या गल्ल्यांना कळलं की सुषमाने सासऱ्याच्या गोळ्या बुडवल्या. लोटूची लेक हर्षदा उधन्याहून आली ती निकाल सोबत घेऊनच: वहिनीला अमळनेरला बापाच्या घरी पोचवायचं, आणि परत आणायचं नाही. पंचांनी रविवारी बसून नुसती मान हलवायची.

पंचांत मुख्य वाल्मिक देवरे. वय अठ्ठावन्न, धंदा कापडाची दलाली. पूर्वी मागावरून उतरलेलं कापड तपासायचं काम करायचा, त्यामुळे ताग्यात तुटलेला धागा आणि घरात तुटलेलं माणूस दोन्ही त्याला लांबून दिसायचं. माणसं तो डोक्यात दोन बाजूंनी मांडायचा, एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला नावे. हर्षदाच्या जमेला बापावरची माया होती. नावे बाजूला एवढंच की ती माया भावजयीच्या अंगावर फेकून मोजायची तिला सवय होती.

"भाऊ, मी काय खोटं बोलस?" लोटूची बायको सरलाबाई पदर डोळ्याला लावत म्हणाली. "मना डोयासमोर बोट दखाडं त्यासनी. एकडाव नही, तीनडाव."

"वहिनी, तुम्ही खोटं बोलता असं कोण म्हणतंय? रविवारपर्यंत मला द्या. तोवर कोणी कोणाची पेटी भरायची नाही."

"पेटी भरलीच आहे," हर्षदा म्हणाली.

"मग तिच्यावर बसून राहा. उघडू नको."

वॉर्डात लोटू उशाला टेकून पडला होता, तोंड एका बाजूला ओघळलेलं. वाल्मिकअण्णाला बघून त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ओळख चमकली. तेवढ्यात सुषमा डबा घेऊन आत आली, खाली मान घालून. लोटूच्या घशातून घरघर निघाली. डावा हात उठला. बोट सरळ तिच्यावर. मग दोन बोटं. मग दाराकडे. आणि परत तेच, घाम फुटेपर्यंत.

"बघितलं अण्णा?" हर्षदा कानाशी म्हणाली. "दोन म्हणजे ही आणि माझा भाऊ, दोघं. दार म्हणजे घराबाहेर काढा. अजून काय पाहिजे?"

वाल्मिकअण्णाला आणखी पुष्कळ काही पाहिजे होतं. पण बोट त्यानेही पाहिलं होतं, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकता येत नव्हतं.

२

डॉक्टर हिमांशु वशी तरुण होते, जाळ्या बसवायचं हे काम शिकून येऊन त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. बोलणं गुजरातीत झालं. वाल्मिकअण्णाची अर्धी जिंदगी रिंग रोडच्या कापडबाजारात गुजराती व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात गेली होती, त्याला अडचण नव्हती.

"जुओ, बघा वाल्मिकभाई, मानेच्या डाव्या नळीत चरबीचा थर साचून वाट बारीक झाली होती. आधी दोनदा डाव्या डोळ्यापुढे पडदा आला, तो इशारा. मान उघडून साफ करता येतं, पण यांचं हृदय कच्चं, भूल झेपली नसती. म्हणून जांघेतून तार नेली, फुग्याने वाट रुंद केली आणि जाळी ठेवली. पण जाळी परकी. शरीराचं आतलं अस्तर तिच्यावर चढेपर्यंत रक्त तिथं गोठायला टपलेलं असतं. तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. एक लहान, दिवसातून एकदा. एक मोठी, दिवसातून दोनदा, अन्नाबरोबर. आणि नेमकी जाळीतच गुठळी झाली."

"बसवतानाच काही वाकडं गेलं असेल तर?"

डॉक्टरांनी राग धरला नाही. फिल्म काढून उजेडाकडे धरली. "ही बसवल्यानंतरची. कुठे अडलेलं दिसतंय?"

काळ्या-पांढऱ्यात एक नीट, सरळ रेघ दिसत होती. वाल्मिकअण्णाने ताग्याची किनार बघावी तशी ती वरपासून खालपर्यंत बघितली.

"नाही दिसत. पण साहेब, घरच्यांना तुम्ही पहिला प्रश्न काय केला?"

"गोळ्या चुकल्या का, हा."

"तो विचारल्याबरोबर तुमच्या नावे असलेली रक्कम सुनेच्या नावे चढली. तुम्ही मोकळे."

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात अहमदाबादला मला माझे आकडे मांडायचेत. बावीस जणांना जाळ्या बसवल्या. एकाला टेबलावरच झटका आला. एकाच्या जांघेत रक्त साकळलं. दोघांचं प्रेशर दोन-दोन दिवस खालीच राहिलं. हे सगळं मी सांगणार आहे, आता लोटूभाईंचंही सांगीन. पण गोळी चुकली म्हणून झालं की सगळं नीट करूनही झालं, हे मला कळायला हवं. सगळं नीट करूनही कधी कधी होतं, वाल्मिकभाई. ते मी लपवत नाही."

वाल्मिकअण्णाने त्यांच्या जमेला एक आकडा मांडला. बाजारात स्वतःच्या मालाची खोट आपण होऊन दाखवणारा व्यापारी त्याला आजवर क्वचितच भेटला होता.

"मग त्यालाच विचारू. मान तर हलवतो."

"विचारा की."

वाल्मिकअण्णा खाटेपाशी गेला. "लोटू, तुझं नाव वाल्मिक?" लोटूने होकार दिला. "मी तुझी बायको?" लोटूने तितक्याच मनापासून होकार दिला.

"अठरा वर्षांची ओळख, आणि मला आज कळतंय," वाल्मिकअण्णा पुटपुटला.

"शब्दांचं केंद्रच मार खाऊन बसलंय," डॉक्टर म्हणाले. "आपलं बोलणं अर्धंमुर्धं पोचतं, आणि उत्तर भलतंच निघतं. पण नजर शाबूत आहे, माणसं ओळखतो. विचारल्यावर काय देतो ते सोडा. न विचारता, आपण होऊन हाताने जे दाखवतो, त्याच्या मागे मात्र काहीतरी नक्की आहे."

म्हणजे बोट खरं होतं. सुषमाची बाजू आणखीच पातळ झाली.

३

लोटूचं घर म्हणजे पुढे-मागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मुलगा योगराज बसला होता, पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आलेला, नखांत निळा रंग. त्याची चौकशी फार लांबली नाही. गोळ्या तोच आणायचा. उरलेली पट्टी वाल्मिकअण्णाने डॉक्टरांकडून तपासून आणली होती. माल अस्सल होता.

"सचिन गावात वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणत होतास म्हणे?"

"म्हणत होतो. तिथल्या कारखान्यांच्या इस्टेटीत काम मिळत होतं. आबा म्हणाले, मी आहे तोवर चूल एकच. मी गप्प बसलो. अण्णा, बाप नको म्हणाला म्हणून कोणी बापाला मारतं का?"

"मारत नाही. पण लोक असा हिशेब लावतात, म्हणून विचारलं."

सरलाबाईने तिच्याकडून काय काय केलं ते आपणच सांगितलं: देवीचा अंगारा लावला, गळ्यात काळा दोरा बांधला. "दोरानी काही व्हयनं का भाऊ?"

"दोऱ्याने जाळी दबत असती तर डॉक्टरांनी ती मानेत घातली असती का? राहू द्या."

मग सुषमा आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. लग्नाला दोन वर्षं झालेली, बोलणं हळू पण तुटक नाही.

"लहान गोळी आणि रात्रीची मोठी माझ्यासमोर घ्यायचे. सकाळची मोठी डब्यात द्यायचे मी. ती अन्नावरच घ्यायची ना? आबा सकाळी नुसता चहा घेऊन निघतात, पहिला घास मागाच्या कारखान्यात. दवाखान्यातून आल्यावर आठवड्यातच ते परत जायला लागले, नुसतं स्टुलावर बसून पोरांना दाखवायचं म्हणून. मग मी गोळी कागदात गुंडाळून वरच्या वाटीत ठेवायची, लोणच्याची ओल लागू नये अशी."

"आणि डबा परत यायचा तेव्हा?"

"चकचकीत. आबा धुऊनच आणतात."

वाल्मिकअण्णाने भुवई वर केली. "लोटू? धुऊन?"

"अठरा वरीस जयात," सरलाबाई कौतुकाने म्हणाली, "डबा धुईसनच आनतस त्या. मना हातले तरास नको म्हनीसन."

जेवल्यावर स्वतःचं ताट जागेवरून न हलवणारा लोटू मिस्तरी. वाल्मिकअण्णाने ती गोष्ट मनात बाजूला ठेवली. कोणत्या अंगाला मांडायची ते अजून ठरत नव्हतं.

"डॉक्टरांनी अजून काय सांगितलं होतं?"

"मोठ्या गोळीनं एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणाले. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. ताप आला, घसा धरला, तोंडात फोड आले तर एक तास थांबायचं नाही, उचलून आणायचं. म्हणून मी रोज सकाळी बॅटरी मारून आबांचं तोंड बघायचे. ते चिडायचे. म्हणायचे, सूनबाई, घोडा विकत घेतीस का, दात बघती ते?"

बोलता बोलता तिला हसू आलं आणि लगेच मावळलं.

"अण्णा, आबा माझ्याकडे बोट करतात ते खोटं नाही. मी पण बघते. ते काय म्हणतात तेवढं मला कळू द्या. मग अमळनेरला घाला की आणखी कुठे."

बाहेर पडताना वाल्मिकअण्णाला हर्षदा आडवी आली. "पट्टीतून गोळी निघाली म्हणजे पोटात गेली असं होतं का, अण्णा?"

प्रश्न वाईट मनाने विचारला होता, पण प्रश्न चांगला होता.

४

शनिवारी सकाळी वाल्मिकअण्णा राघोच्या सलूनमध्ये बसला. गल्लीतली बातमी इथे साबणाच्या फेसासोबत फुकट मिळायची.

"उद्या निकाल म्हणे, अण्णा," राघो वस्तरा परजत म्हणाला.

"तू दाढी कर. निकालात चूक झाली तर सुधारता येते, हनुवटीला झाली तर नाही."

"माझ्या हातून चूक? बावीस वर्षांत... एकच. ती पण माझी नव्हे. तो नागनाथ नाही का, लोटू मिस्तरीच्या कारखान्यात माग चालवतो? नांदेडकडचा? मिस्तरी पडायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. नुसता ओरखडा, मुंगी चावल्याएवढा. रक्त थांबेचना. तुरटीचा अख्खा खडा घासला, कागद लावला, पावडर लावली. टॉवेल लाल. शेवटी म्हटलं, काका, तुमचं रक्त आहे की नळाचं पाणी?"

"म्हातारी कातडी."

"अहो, गेली दहा वर्षं त्याच कातडीवर वस्तरा फिरवतोय मी. आधी कधी असं झालं नाही. या आठवड्यात आला पण नाही. ताप आहे म्हणे."

वाल्मिकअण्णाच्या एका गालावर फेस तसाच राहिला होता. रक्त पातळ ठेवायला हवं तो एक माणूस, त्याचं रक्त गोठलं. ज्याच्या रक्ताशी कोणाला काही देणंघेणं नाही, त्याचं थांबेना. दोघं एकाच छपराखाली काम करणारे. कापडात एका जागी धागा कमी आणि शेजारच्या जागी दुप्पट दिसला, तर तपासणारा दोन चुका लिहीत नाही. धागा सरकलाय, एवढंच लिहितो.

पण सरकला कसा? आणि मग लोटू सुनेकडे बोट का करतो?

"अण्णा, दुसरी बाजू राहिली," राघो म्हणाला.

"तीच बघायला चाललोय," वाल्मिकअण्णा म्हणाला आणि टॉवेलने तोंड पुसून उठला.

५

दवाखान्यात जाण्यापूर्वी तो लोटूच्या घरी गेला. सुषमाच्या हातातला डबा त्याने काढून घेतला आणि हर्षदाच्या हातात दिला.

"मी का? रोज तीच नेते."

"आज तू. आणि सुषमा, तू रिकाम्या हाताने यायचं. पिशवी पण नको."

आधी त्याने सुषमाला एकटीला आत सोडलं आणि आपण दाराशी उभा राहिला. लोटूने तिच्याकडे बघितलं. घरघर नाही, बोट नाही. ती खाटेशी वाकली तशी त्याचा डावा हात उठला आणि तिच्या डोक्यावर टेकला. तसाच राहिला. सुषमाने अंग हलू दिलं नाही. हात खाली पडेल म्हणून.

"आता तू," वाल्मिकअण्णा म्हणाला.

हर्षदा डबा घेऊन आत गेली. लोटूने मान वळवली. आणि घशातून तीच घरघर. बोट सरळ, आता हर्षदावर. मग दोन बोटं. मग दार.

हर्षदाचा चेहरा उतरला. "आबा, मी काय केलं?"

"काही नाही केलंस," वाल्मिकअण्णा म्हणाला. "डबा आणलास. कालपर्यंत ती आणत होती."

त्याने डबा घेऊन खाटेवर उघडला. कळण्याची भाकरी, गिलक्याची भाजी. लोटूने भाकरी डाव्या हाताने उचलली. मोडायला बघितली, एका हाताने मोडेना. त्याने ती गुडघ्यावर दाबून कशीबशी फाडली. एक तुकडा स्वतःकडे ठेवला. दुसरा खाटेच्या रिकाम्या बाजूला, समोर कोणी बसलं असावं तिथे, सरकवला. आणि पुन्हा दाराकडे बोट केलं.

रिकाम्या जागी सरकवलेल्या त्या अर्ध्या भाकरीकडे तिघं बघत राहिली.

"सरलावहिनींना घेऊन उद्या इथंच या," वाल्मिकअण्णा म्हणाला. तो निघालाही होता. रिक्षा त्याने कारखान्याकडे वळवली. तिथे त्याला एकच प्रश्न विचारायचा होता: लोटू जेवायला कोणासमोर बसायचा? मागांच्या खडखडाटात पहिल्याच कारागिराने त्याच्या कानाशी ओरडून नाव सांगितलं. ते त्याला आधीच ठाऊक होतं.

६

नागनाथची खोली लिंबायतच्या टोकाला. त्याची बायको चंपाबाई दारातच डोळे पुसत होती. आत नागनाथ गोधडीत कुडकुडत पडलेला, अंग तव्यासारखं.

"नागनाथ, लोटूच्या डब्यातली गोळी तू घेत होतास?"

नागनाथने डोळे मिटले. घोट गिळताना त्याचं तोंड वाकडं झालं. "घेत होतो, अन्ना. गेल्या साली माजा हात दोनदा बधिर पडला. एकदा डोळ्यापुडं अंधार. लोटू म्हनला, मलाबी हेच झालतं. ही गोळी त्याच्यावरच हाय. मी नको म्हनलं. तर म्हनला, डब्यातलं एकट्यानं खायचं नसतं. रात्रीची मी घेतो, सकाळची तुजी."

"अठरा वर्षं एकत्र जेवता?"

"एक पेपर अंथरायचा, दोन डबे मदी उघडायचे. त्याच्या घरी ठावं नव्हतं. त्यांच्यात माळ हाय. माज्या डब्यात सुकट असायची, ती त्याला लई आवडायची." तो खोकला. "आन आमी बौद्ध. सरलाबाईंना चाललं नसतं. म्हनून तो डबा घासून न्यायचा."

"लोटू पडल्यावर तोंड का नाही उघडलंस?"

"उघडून काय सांगू? त्याची अठरा सालाची चोरी सांगू? तो बोलू शकत न्हाई म्हनून?"

बोलताना त्याच्या ओठाच्या आत काहीतरी पांढरट दिसलं. वाल्मिकअण्णाला एकदम सुषमाची बॅटरी आठवली.

"तोंड उघड."

जिभेवर, गालाच्या आतून, घशापर्यंत फोड होते. ताप आला, घसा धरला, तोंडात फोड आले तर एक तास थांबायचं नाही.

"चंपाबाई, याला उचला. रिक्षा दारात आहे."

"गल्लीतल्या डाक्टरनं मलेरियाची गोळी दिली हाय. सोमवारी बोलावलंय."

"सोमवार येईल. हा असला पाहिजे ना तो बघायला?"

७

रविवारी पंच वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टर वशी मधेच येऊन सांगून गेले: नागनाथच्या रक्तात पांढऱ्या पेशी नावालाच उरल्या होत्या. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, शिरेतून औषध चालू आहे. सोमवारी आणला असता तर आणण्यात अर्थ नव्हता. आज आशा आहे.

वाल्मिकअण्णाने घसा साफ केला.

"सुषमाने गोळी दिली. डब्यात ठेवली, रोज. लोटूने ती डब्यातून काढली. इथपर्यंत सगळं जागेवर. पण आपण सगळे असं धरून चाललो की डबा गेला म्हणजे लोटूच्या पोटात गेला. कारखान्यात डबा एकट्याचा नसतो. भाकरी अर्धी, भाजी अर्धी. लोटूने गोळीलाही तोच नियम लावला. औषधाची वाटणी होत नसते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. राघोच्या दुकानात नागनाथचं रक्त थांबेना, तिथे ती गोळी बोलली. घासलेला डबा बोलला. आणि लोटू तर पहिल्या दिवसापासून बोलत होता. बोट डब्याकडे. दोन बोटं म्हणजे आम्ही दोघं. दार म्हणजे, बाहेर न्या, त्याला पोचवा, त्याची गोळी बंद पडली. त्याला काय ठाऊक, बंद पडली हेच नागनाथचं नशीब."

"म्हणजे आबांनी स्वतःच..." हर्षदा म्हणाली.

"कोणी मुद्दाम नाही. डॉक्टरसाहेब, मोठीची सकाळची वेळ रोज चुकली म्हणूनच गुठळी झाली का?"

"शपथेवर नाही सांगणार," डॉक्टर दारातून म्हणाले. "बहुतेक. पूर्ण घेऊनही होऊ शकलं असतं. अहमदाबादला मी दोन्ही सांगीन."

"आणि नागनाथ? तुमच्या बावीस जणांत त्याला कुठे धरणार? त्याच्या मानेत जाळीच नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तोच प्रश्न मला रात्रभर पडलाय. पुढच्या पेशंटला मी एक गोष्ट जास्तीची विचारणार आहे. तुम्ही जेवता कोणाबरोबर?"

पंचांना मान हलवायला काही उरलं नव्हतं. सरलाबाई मात्र खाली बघत बसली होती. सून सुटली याचं तिला बरं वाटत होतं की अठरा वर्षं नवरा कोणाच्या डब्यातून जेवला याचा धक्का बसला होता, हे वाल्मिकअण्णाला वाचता येईना. दोन्ही रकमा मोठ्या होत्या.

"सुकट?" ती शेवटी एवढंच म्हणाली.

"लई आवडीने, वहिनी."

सुषमा उठली. "अण्णा, ती भरलेली पेटी आहे ना, ती मी घेऊन जाते. आठ दिवस. आईला भेटून येते, माझ्या मनाने. यांना न्यायला पाठवा." मग ती हर्षदाकडे वळली आणि पिशवीतून बॅटरी काढून तिच्या हातात ठेवली. "ताई, रात्रीची गोळी पण अन्नावरच. गिळली का ते बघायचं. रोज तोंड बघायचं. आबा चिडतात, चिडू द्यायचं."

हर्षदाने बॅटरी घेतली. बोलण्यासारखं जे होतं ते फार मोठं होतं आणि पंच समोर होते.

सुषमा आठाऐवजी बारा दिवसांनी आली, आणि योगराजला दोनदा हेलपाटा घालावा लागला. तोवर नागनाथ वेगळ्या खोलीतून सुटून लोटूच्या शेजारच्या खाटेवर आला होता. सरलाबाई दुपारी दोन डबे घेऊन आली. डबे वेगळे, झाकणं वेगळी, एक या खाटेवर, एक त्या. तिने बरीच मजल मारली होती, आणि तेवढ्यावर थांबायचं असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

लोटू जेवेना. नागनाथही जेवेना. वाल्मिकअण्णाने हातातला पेपर दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर अंथरला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. जरा वेळाने मागे झाकणांचा आवाज झाला.

"कयनानी भाकर शे," सरलाबाई कोणाकडेही न बघता म्हणाली. "गरम शे तवय खाई ल्या, दोन्ही जन."

जेवण झालं. हर्षदाने मोठी गोळी लोटूच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, बॅटरी लावली. "आबा, तोंड उघडा. आ करा. अजून."

लोटूने कुरकुरत आ केला. शेजारच्या खाटेवर नागनाथनेही, कोणी न सांगता, आ केला.

हर्षदाने बॅटरी वळवली आणि त्याचंही तोंड नीट, घशापर्यंत बघितलं.